धोट्यासमोरचं नाणं

पहिल्या रात्री शेड बंद करताना स्टुलावर, धोट्याशेजारी, दोन रुपयांचं नाणं सापडलं. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन. दुसऱ्या दिवशी तीन नाणी आणि झेंडूचं एक फूल. तिसऱ्या दिवशी धोट्याच्या लोखंडी टोकाला कुणीतरी कुंकू लावून गेलं होतं. जिचं हे मांडणशिल्प होतं, म्हणजे आत शिरून बघायचं, अख्खी जागा व्यापणारं काम, ती मुलगी पहिले दोन दिवस हसली, तिसऱ्या दिवशी गप्प बसली. लोकांनी सुतात शिरावं, धागे हाताने बाजूला करावेत, अंगावर घ्यावेत, यासाठी तिचे तीन महिने गेले होते. लोक येत होते, लांबूनच हात जोडत होते आणि निघून जात होते.

चूक लोकांची नव्हती. आराखडा मी काढला होता. मी घरांचे नकाशे करणारा माणूस. खोलीत पलंग कुठे बसेल आणि देव्हाऱ्याचं तोंड कुठे करायचं, यावर माझं पोट चालतं. मांडणशिल्पाची जागा ठरवायचा हा पहिलाच प्रसंग. चार दिवस एक मांडणी राहिली, एक दिवस शेड बंद ठेवली, मग सात दिवस दुसरी मांडणी राहिली. सूत तेच, शेड तीच, तिकीट दोन्ही वेळा नव्हतं. बदलली ती फक्त वस्तूंची आणि मोकळ्या जागेची वाटणी. लोक मात्र पार वेगळे वागले.

जागा

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे एका बोळात ही शेड आहे. अठ्ठावन्न फूट लांब, सव्वीस फूट रुंद, वर पत्रा. मुलीच्या वडिलांचे इथे टर्किश टॉवेलचे बारा यंत्रमाग होते. इथल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. त्या मानांकनाने या बारा मागांचं काही भलं झालं नाही. माग भंगारात गेले, मोटारी वेगळ्या विकल्या. खाली राहिले ते तेलाने काळे पडलेले बारा चौकोन, जमिनीत रुतलेले पायाचे बोल्ट आणि चौकोनांच्या मधे पायांनी घासून गुळगुळीत झालेले फिकट पट्टे.

या पट्ट्यांकडे मी पहिल्या वेळी नीट पाहिलंच नाही. कारखान्यात दोन माग तोंडाला तोंड करून बसवतात आणि मधल्या चिंचोळ्या गल्लीत कामगार उभा राहतो. या मागावरून त्या मागावर वळायला दोन पावलंही पडू नयेत, हा हिशोब. मागांच्या पाठीमागची गल्ली मात्र रुंद ठेवावी लागते, कारण तिथून बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रूळ, आत आणायचे असतात. या शेडमध्ये पुढची गल्ली मोजून एकवीस इंच भरली आणि मागची साडेचार फूट. कारखान्याचा हा नकाशा कुणी कागदावर काढला नव्हता, पण अंगात मुरलेला होता. आणि मी टेप घेऊन नव्याने जागा मोजत बसलो.

खिडक्या उंचावर, लहान. वारा आत आला की सूत कोरडं पडतं, कोरडं सूत तुटतं; सोलापूरची हवा तर बाराही महिने सुताच्या मुळावर उठलेली. म्हणून शेड बंदिस्त आणि अंधारी. हा अंधार सुताच्या सोयीचा होता. आम्हाला तो कलेच्या सोयीचा वाटला.

पहिली मांडणी

मधोमध दहा फूट लांब-रुंद असा धाग्यांचा एक भरीव ठोकळा. वर पत्रा पेलणाऱ्या लोखंडी कैचीला तारा, खाली बोल्टांना तारा, आणि त्यांच्यामधे वीस काउंटच्या जाडीचं दुपदरी सूत वरखाली ताणून बसवलेलं. अधूनमधून काही धागे मुद्दाम कापलेले. बंद पडलेल्या मागांसाठी हे कापणं तिने ठरवून केलं होतं आणि तिच्या कामाचा जीव त्यातच होता. ठोकळ्याला दोन फुटांची एक फट, फटीच्या तोंडाशीच स्टूल, स्टुलावर वडिलांचा जुना धोटा, वर एकच पिवळा दिवा. बाकी अंधार. कोपऱ्यात स्पीकरवर मागांची खटखट. दाराशी भिंतीवर दोन पानी निवेदन.

रस्त्याचं दार, फट आणि धोटा मी एका रेषेत घेतले. नजर थेट आत जावी, पाय नजरेमागे जावेत, असा माझा विचार. तो शंभर टक्के फसला.

दार, मग अंतर, मग अरुंद दुसरं दार, आत अंधारात उंचावर ठेवलेली एकच वस्तू आणि तिच्यावर दिवा. हे वर्णन मोठ्याने वाचलं तर सोलापुरातलं शाळकरी पोरही सांगेल की हा गाभारा आहे. गाभाऱ्यात आपण शिरत नाही. उंबऱ्याशी थांबतो, नमस्कार करतो, जमलं तर नाणं ठेवतो. शेडच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पहिल्या तासातच जमला होता. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाटलं, वा, लोक किती आदराने बघतायत.

नमस्कारानंतर बहुतेक जण डावीकडे वळायचे आणि भिंतीच्या कडेने ठोकळ्याला पूर्ण फेरी घालून बाहेर पडायचे. ठोकळा कायम उजव्या हाताला. आर्थर मेल्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली संग्रहालयांतल्या प्रेक्षकांची चाल टिपली, तेव्हा आत शिरताच बहुतेक लोक उजवीकडे वळतात असं त्याला दिसलं. प्रदर्शनं मांडणारे लोक आजही हे मनात धरून चालतात. आमच्याकडे उलटं झालं, आणि ते होणारच होतं. मधोमध काहीतरी उभं असलं की आपले पाय प्रदक्षिणा घालतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज घेऊन अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत अख्ख्या शहरालाच प्रदक्षिणा घालणारं हे गाव. इथे मधे वस्तू आणि भोवती वाट असा नकाशा काढायचा आणि लोकांनी आडवं शिरावं अशी अपेक्षा करायची, हा शुद्ध बावळटपणा होता.

दुसरी गोष्ट उंचीची. आमच्या शहरात उघड्यावर जी कला लोक रोज बघतात ती म्हणजे पुतळे. स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांचे पुतळे तर प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेले. पुतळा म्हटला की चौथरा, चौथरा म्हटला की हार. स्टूल अडीच फुटांचं होतं. त्यावर धोटा ठेवला त्या क्षणी तो हत्यार राहिला नाही, हाराचा धनी झाला.

मेल्टनचं आणखी एक निरीक्षण मात्र इथे जसंच्या तसं खरं ठरलं. बाहेर जायचं दार दिसलं की प्रेक्षक तिकडे ओढला जातो. हवेसाठी आम्ही मागचं दार उघडं ठेवलं होतं. फेरी अर्धी झाली की उजेडाचा तो चौकोन समोर यायचा, आणि उरलेली अर्धी फेरी तिथेच संपायची. कॉलेजची पोरं तर पुढच्या दाराने आत, ठोकळ्यासमोर एक सेल्फी, मागच्या दाराने चहाला. निवेदन वाचायला जे थांबत त्यांच्यामुळे दार अडायचं, म्हणून मागचे लोक त्यांना ढकलत आत. दोन पानं पूर्ण वाचलेला माणूस मी चार दिवसांत पाहिला नाही.

चौथ्या दिवशी रात्री मुलगी म्हणाली, "सर, माझं काम कुणी बघितलंच नाही. सगळ्यांनी तुमचं देऊळ बघितलं."

एक दिवस

शेड बंद ठेवून आम्ही जमीन झाडली. मग तेलाचे चौकोन दिसले. वडील दाराशी खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी बसल्या जागेवरून बोटाने दाखवलं: हा एक नंबर, हा दोन, इथे पंखा होता पण लावायचो नाही, इथे डबे ठेवायचे. मी तोवर सोडवू बघत होतो तो प्रश्न जमिनीवर आधीच सुटलेला होता.

ठोकळा उसवला. सूत बारा चौकोनांवर वाटलं. जिथे माग होता तिथे, मागाच्या लांबी-रुंदीचा धाग्यांचा पडदा. गल्ल्या होत्या तेवढ्याच ठेवल्या, एकवीस इंचांच्या. मुलीला त्या दोन फूट करायच्या होत्या, लोक अडकतील म्हणून. यावर आमचं अर्धा तास भांडण झालं आणि बोल्ट हलवता येत नाहीत या एकाच कारणाने मी जिंकलो. धोटा स्टुलावरून काढून खिडकीच्या कट्ट्यावर, सूत गुंडाळलेल्या कोनांशेजारी टाकला. पिवळा दिवा काढून कारखान्याच्या ट्यूबलाइट लावल्या. मागचं दार बंद केलं, त्यामुळे दुपारी एकनंतर पत्र्याखाली थांबणं अशक्य झालं आणि वेळ बदलून सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते नऊ केली. स्पीकर बंद. निवेदन बाहेर चहाच्या टपरीच्या भिंतीला. तिथे ते लोकांनी खरंच वाचलं, कारण हातात चहा असला की माणूस जीएसटीची नोटीससुद्धा शेवटपर्यंत वाचतो.

दुसरी मांडणी

पहिला फरक चपलांचा. ढीग जमला नाही. काहींनी काढल्या, काहींनी नाही, कुणी कुणाकडे बघितलं नाही. मधे काही नव्हतं, त्यामुळे फेरी घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. लोक दाराशी क्षणभर घुटमळायचे, मग जवळच्या गल्लीत डोकावायचे, आणि एकवीस इंचांत सरळ चालता येत नाही हे खांदा लागल्यावर कळायचं. मग अंग तिरकं करायचं. अंग तिरकं केलं की धागे छातीला आणि पाठीला एकदम लागतात. हात लावावा की लावू नये, हा प्रश्नच मिटतो. सुतानेच तुम्हाला हात लावलेला असतो.

अमेरिकन कलाकार ब्रूस नॉमन याने १९७० साली असाच एक बोळ केला होता, साधारण वीस इंच रुंदीचा. टोकाला दोन टीव्ही, कॅमेरा मागे प्रवेशाशी उंचावर. टीव्हीकडे जावं तसं आपलंच चित्र पाठमोरं आणि लहान होत जातं. तिथे अरुंदपणा माणसाला अस्वस्थ करण्यासाठी होता. आमच्याकडे तेवढ्याच रुंदीने दोन निरनिराळ्या गोष्टी केल्या. ज्यांनी कधी माग चालवला नव्हता ते अडखळले, हसले, काही जण घाबरून मागे फिरले. ज्यांनी आयुष्य मागावर काढलं होतं त्यांची गती आत शिरताच वाढली.

मोबाइलची गंमत वेगळी. सेल्फीला हात लांब करावा लागतो, आणि गल्लीत तेवढी जागा नव्हती. पोरांनी दोन-तीनदा प्रयत्न करून मोबाइल खिशात घातले. नंतर एकीने कॅमेरा वर पत्र्याकडे धरून धागे काढले, मग सगळ्यांनी तेच केलं. सेल्फी काढू नका अशी पाटी लावली असती तर निम्म्यांनी पाटीसकट काढली असती.

संध्याकाळी शेजारच्या बिड्या वळणाऱ्या बायका येऊ लागल्या. त्या गल्लीत फारशा गेल्या नाहीत. मागच्या रुंद पट्ट्यात, जिथे बीम फिरायचे, तिथे गार कोब्यावर सरळ मांडी घालून बसल्या. खाली बसलं की धाग्यांची उंची दुप्पट वाटते, हे मला त्यांच्याशेजारी बसल्यावर कळलं. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००३ साली ओलाफुर एलियासन याने कृत्रिम सूर्य टांगून छताला आरसे लावले, तेव्हा लोक आपलं प्रतिबिंब बघायला आपणहून जमिनीवर आडवे झाले होते. झोपा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इथे बसा असं आम्हीही सांगितलं नव्हतं. फरक एवढाच की टेटमध्ये ती नवलाई होती आणि आमच्याकडे जमिनीवर बसणं हीच रीत; आम्ही पहिल्या मांडणीत बसायला जागाच ठेवली नव्हती.

आवाज बंद केल्याचा परिणाम मला अपेक्षित नव्हता. पहिले चार दिवस लोक खटखटीवर ओरडून बोलायचे आणि लवकर कंटाळायचे. आता आवाज नव्हता, तर एकेकाळी त्या आवाजात हाताच्या खुणांनी बोलणारी माणसं त्या खुणा नातवंडांना करून दाखवू लागली. बीम संपला, मालक आला, चहा.

गाठी

दुसऱ्या मांडणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. मुलगी त्यांना मामा म्हणत होती. नातं नाही, वडिलांकडे कामाला होते. चष्मा दोऱ्याने बांधलेला, खिशात बिडीचं बंडल. ते उजवा खांदा पुढे करून पाच नंबरच्या गल्लीत शिरले. डावा हात कमरेच्या जरा वर, माग चालू-बंद करायच्या हँडलच्या उंचीवर आला आणि तिथे काही नाही म्हणून परत खाली गेला. मग त्यांची मान तिरकी झाली. उजेडाच्या बाजूने धाग्यांच्या फळीकडे बघत त्यांनी तळहात सुतावरून आडवा फिरवला, जसा आपण गहू निवडताना फिरवतो. हात एका जागी थांबला. कापलेला धागा.

तुटलेल्या ताण्याला, म्हणजे ताणून बसवलेल्या उभ्या धाग्याला, थेट गाठ बसत नाही. दोन्ही टोकं ओढली तरी सुतात तेवढी ढील नसते. मधे तुकडा जोडावा लागतो. मामांनी कट्ट्यावरच्या कोनातून वीतभर सूत तोडलं, वरच्या टोकाला अंगठ्याखाली एक गाठ, खालच्या टोकाला दुसरी, ताण बघायला बोटाने एक टिचकी, आणि उरलेली शेपटं दातांनी तोडून टाकली. सगळं मिळून अर्ध्या मिनिटात. मग पुढचा धागा.

मुलगी धावत आली. "मामा, ते मुद्दाम तोडलंय."

"मुद्दाम कोण तोडतंय सूत?" ते न थांबता म्हणाले.

त्यांनी त्या सकाळी एक माग पुरा जोडला. संध्याकाळी दोघांना घेऊन आले. तिघांनी वाटणी केल्यासारखे मागांचे नंबर धरले. बघणाऱ्या पोरींनी गाठ शिकवा म्हणून हात पुढे केले. पहिल्या मांडणीतही कापलेले धागे होते, अगदी हेच. पण ते दहा फुटांच्या ठोकळ्यात, अंधारात, हात पोचणार नाही असे. इथे ते गल्लीच्या तोंडाशी, कमरेच्या उंचीवर, ट्यूबलाइटच्या उजेडात आले होते. जिथे तुटलेला धागा दिसणं हेच त्या माणसांचं अर्ध्या आयुष्याचं काम होतं.

रात्री कात्री घेऊन मुलगी उभी होती. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तुटलेपण हाच तिच्या कामाचा विषय होता आणि तो कुणीतरी दुरुस्त करून टाकत होतं. १९४२ साली न्यूयॉर्कमधल्या एका प्रदर्शनात मार्सेल द्युशां याने चित्रांच्या पुढ्यात दोऱ्याचं जाळं विणलं आणि उद्घाटनाला मुलांना तिथे चेंडू खेळायला सांगितलं. तिथे अडथळाही कलाकाराचा आणि गोंधळही कलाकाराचाच. इथे गाठी कुणाच्या? ती वडिलांना म्हणाली, "नाना, कापून टाकू?"

"काप," ते म्हणाले. "पण उद्या त्यांना येऊ नका म्हणून तूच सांग."

तिने कापल्या नाहीत. पण त्या तिला आवडल्या असंही मी म्हणणार नाही. शेवटच्या दिवसापर्यंत ती सकाळी लवकर येऊन एक-दोन नवे धागे कापून ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत ते जोडले जायचे.

आता हे सगळं जागेमुळेच झालं, असा दावा मी करत नाही. दुसऱ्या आठवड्यापर्यंत हात लावला तरी चालतं ही बातमी बोळात पसरली होती. मामांनी आपली माणसं आणली, म्हणजे बघणारेच बदलले. वेळ बदलल्याने ऊन टळलं. पण मामा पहिल्या मांडणीलाही येऊन गेले होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा त्यांनी काय केलं असं विचारलं, तर म्हणाले, "पाया पडलो. तुम्ही दिवा लावला होता ना."

एक बाजू राहिली, आणि ती माझ्या बाजूने जात नाही. एकवीस इंचांत सगळे मावत नाहीत. एक बाई वॉकर घेऊन आल्या होत्या, त्या दाराशीच राहिल्या. अंगाने भारी असलेले एक जण शिरले आणि बाहेर येताना लाजले. तो चेहरा मला आठवतो. जी रुंदी कामगाराला ओळखीची वाटली तीच दुसऱ्याला हाकलत होती.

हे आता नुसतं आठवण्यापुरतं नाही, कारण काम पुण्यात एका हॉलमध्ये मांडायचं चाललं आहे. पांढऱ्या भिंती, एसी, तकतकीत फरशी. तिथल्या व्यवस्थापकांनी कळवलंय की व्हीलचेअर जाईल अशी तीन फुटांची वाट हवी. मी सहा मागांच्या गल्ल्या तीन फुटांच्या आणि सहांच्या एकवीस इंचांच्या असा आराखडा काढला. मुलीने एकदा बघून विचारलं, मोठी वाट असताना लहानीत कोण जाईल? दुसरं म्हणजे फरशीला भोक पाडायची परवानगी नाही. बोल्ट नाहीत म्हणजे खालच्या तारा नाहीत, आणि खालून सैल सोडलेल्या धाग्यांत कुठला तुटलाय हे मामांनाही ओळखता येणार नाही. प्रत्येक धाग्याला वजन बांधून बघायचं ठरलंय. नाना बाजारातून दोन किलो वॉशर घेऊन आलेत.